मुळे काकांचा उपास आणि लाल झाकण

“श्रेयाचा डबा मी आजपासून बंद केला,” सुनंदाकाकू म्हणाल्या. “आणि तुझं हे मशीन घेऊन जा बाप्पा तू.”

मशीन म्हणजे टॅब्लेट. काकूंनी तो खरंच ओट्यावरून माझ्याकडे ढकलला, कणकेच्या हातांनीच. मी अजून हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

थांबा, आधी कोण काय ते सांगते, नाहीतर मी नेहमीसारखी पळत सुटेन. मी गौरी. भोपाळमध्ये एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर आहे. काकू अवधपुरीत डब्यांचं किचन चालवतात. त्यांचं माहेर नागपूरचं, सरकारी ऑफिस भोपाळला हललं तेव्हा सासरेही तिकडूनच इकडे आलेले. आसपासच्या कॉलन्यांमधले रिटायर्ड लोक, पीजीत राहणारी पोरं, कारखान्यातले ट्रेनी, सगळे काकूंच्या डब्यावर जगतात. आणि कुणाचा डबा कसा भरायचा हे आमचं ॲप सांगतं.

श्रेया त्यातलीच एक. जबलपूरची, दोनच महिन्यांपूर्वी इथल्या मोठ्या कारखान्यात लागलेली ट्रेनी इंजिनीअर. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. म्हणजे पित्त उठतं वगैरे तसली नाही. एक दाणा पोटात गेला तरी ओठ सुजतात, घसा आवळत जातो, मग इंजेक्शन, हॉस्पिटल. आता मला सांगा, मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट कशात नसतं? आणि बाकीच्या मेसवाल्यांनी तिला सरळ सांगितलं होतं, मॅडम, हमारा तो तेल ही मूंगफली का है. फक्त काकू हो म्हणाल्या. तिच्यासाठी वेगळी कढई, वेगळा चमचा, वेगळं तेल. आणि डब्याला लाल झाकण.

आदल्या दिवशी तिला साध्या झाकणाचा डबा गेला. आत भरली वांगी. कुटाने माखलेली.

“तिनं उघडलं, पाहिलं आणि बंद केलं,” काकू म्हणाल्या. “घाईत असती, मोबाइल पाहत पाहत खाल्लं असतं तं? माझा जीव आहे त्या पोट्टीवर. पण दुसऱ्याच्या लेकीचा जीव मी अशी हातात धरून नाही बसणार.”

“मग ती जेवणार कुठे, काकू?”

“तेच तं. काल फोनवर म्हणे, आंटी, केले-ब्रेड खा लूँगी. किती दिवस खाईल? ट्रेनिंग सोडून घरी जाईल ती.”

मला सकाळी ऑफिसातून पाठवलं होतं ते क्लायंटला शांत करायला. पण हे ऐकल्यावर मी ठरवलं, शांत-बिंत नंतर. आधी हे का झालं ते शोधायचं.

आता काकूंच्या किचनची पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. डबे भरते रज्जो. रज्जो नावं वाचत बसत नाही. एवढ्या घाईत कोण वाचणार? नावं डिलिव्हरीवाला बघतो, रज्जो रंग बघते. टॅब्लेटवर लिस्ट असते, ज्या रस्त्याने गाडी जाते त्याच क्रमाने, घरामागून घर. ज्याची काही खास सूचना असेल, मीठ नको, कांदा-लसूण नको, दाणे नको, त्याची ओळ लाल होते. वर लिहून येतं की दाण्याशिवायचे किती, मिठाशिवायचे किती. तेवढं ती वेगळं शिजवते आणि लाल झाकणात भरते.

“दीदी, कसम से, लाल नहीं आया था,” रज्जो म्हणाली. “ऊपर भी मूंगफली वाला खाली था. मैंने सोचा श्रेया मैडम घर गई होंगी.”

“हिच्यावर माझा भरवसा आहे,” काकू म्हणाल्या. “मशीनवर नाही.”

मी टॅब्लेट पुसला आणि उघडला. श्रेयाची ओळ लाल. ठसठशीत लाल. ॲप बंद करून परत उघडलं, लाल. वायफाय काढलं, लाल. टॅब्लेट रिस्टार्ट केला, काकूंच्या फोनवर उघडलं, माझ्या फोनवर उघडलं. लाल, लाल, लाल. ज्यांना हा अनुभव नाही त्यांना सांगते, प्रोग्रामरसाठी याच्याहून वाईट काही नसतं. बिघडलेली गोष्ट दुरुस्त करता येते हो. पण आपण बघायला गेलो की शहाण्यासारखी वागणारी गोष्ट कशी दुरुस्त करणार?

सरांना फोन लावला. दुबे सर आमचे बॉस. कंपनी त्यांची आणि हे ॲपही त्यांनीच स्वतः लिहिलेलं, मी यायच्या आधी.

“ह्यूमन एरर है, गौरी. रज्जो ने देखा नहीं होगा.”

“सर, ती म्हणते… वो कह रही है लाल आया ही नहीं.”

“अभी आ रहा है ना?”

“अभी आ रहा है.”

“तो बस! कब से चल रहा है वो कोड, कभी कंप्लेंट आई? सॉरी बोलो, चाय पियो, वापस आओ. करोंद वाले गोदाम का डेमो है कल.”

“सर, मुझे आज का दिन दे दीजिए.”

“किसलिए?”

“ढूँढने के लिए.”

“जब है ही नहीं, तो क्या ढूँढोगी?”

मी फोन ठेवला. (ठेवला म्हणजे “सर, आवाज़ कट रही है” म्हणून ठेवला. सरांनी हे वाचलं तर वाचू दे.)

काकूंच्या डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडला आणि कोड वाचायला बसले. दुसऱ्याचा कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातला मसाल्याचा डबा शोधणं. असतो तिथेच कुठेतरी, पण त्यांच्या हिशोबाने. वाचता वाचता विचारलं, “काकू, असं याआधी कधी झालं होतं का?”

“झालं होतं ना. मागच्या महिन्यात. त्या दिवशी पत्ताकोबी होती, कूट नव्हतं म्हणून निभावलं. श्रेयानंच सांगितलं, आंटी आज लाल ढक्कन नहीं था. मी रज्जोलेच रागावली.” मग काकू एकदम थांबल्या. “दोन्ही वेळा मी तिथं नव्हती. चूक माझीच म्हण.”

“तुम्ही नव्हता म्हणजे?”

“होती, पण त्या शेगडीवर, खिचडी करून राहिली होती. मागच्या वेळीही चतुर्थी होती, कालही चतुर्थी. माझाही उपास. गणपतीच्या मनात काय आहे कोण जाणे, बरोबर त्याच दिवशी करतो.”

“काकू! दोन्ही वेळा संकष्टी?”

“हो ना. काऊन ओरडून राहिली?”

मी खुर्चीवरून उठलेच. कारण गणपतीला आमच्या ॲपशी काही घेणंदेणं नाही, पण संकष्टीला आहे! त्या दिवशी बरेच मराठी लोक साधा डबा घेत नाहीत. ते फोनवर “उपास” दाबतात, मग ॲप त्यांना रोजच्या लिस्टमधून काढतं आणि खिचडीच्या लिस्टमध्ये टाकतं. आज संकष्टी नाही, म्हणून आज सगळं ठीक दिसतंय. मी आजच्या दिवशी कालची चूक शोधत बसले होते!

“काल कुणाकुणाचा उपास होता?”

“श्रेयाच्या बिल्डिंगमधे? खाली मुळे काका राहतात ना, ग्वाल्हेरचे. एक चतुर्थी सोडत नाहीत. बाकी वर्षभर त्यांचा डबा कधी बंद नसतो, गावालेही जात नाहीत कुठं.”

मुळे काका तळमजल्यावर, श्रेया वरच्या मजल्यावर. लिस्टमध्ये मुळे काका आणि लगेच त्यांच्या खाली श्रेया.

मी ॲपची एक कॉपी उघडली, जिच्यात काहीही तोडफोड केली तरी खऱ्या डब्यांना धक्का लागत नाही. त्यात मुळे काकांना उपास लावला. लिस्ट परत चालवली.

श्रेयाची ओळ पांढरी.

“काकू! रज्जो! इकडे या!”

दोघी धावत आल्या. रज्जोने स्क्रीनकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. “देख लो. मैं कह रही थी ना? अब डाँटो इसको.”

मी उपास काढला, लाल. परत लावला, पांढरी. काढला, लावला, काढला, लावला. काकू म्हणाल्या, “बस कर, म्हाताऱ्याले चक्कर येईल.”

सरांना परत फोन केला. या वेळी आवाज कट झाला नाही. “सर, ह्यूमन एरर नहीं है. आप आइए, दिखाती हूँ.” ते आले. चेहऱ्यावर रागच होता, पण आले. तोपर्यंत मी कोडमधली नेमकी जागा शोधली होती आणि आता ती सरांना त्यांच्याच क्लायंटसमोर दाखवायची होती. बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती, खोटं कशाला सांगू. म्हणून डबे मागवले.

काकूंच्या ओट्याला चौकोनी टाइल्स आहेत. मी एकेका टाइलवर एकेक रिकामा डबा ठेवला, सगळे रांगेत. एका डब्याला म्हटलं मुळे काका, त्याच्या लगेच नंतरच्याला श्रेया.

“रज्जो, तुम कंप्यूटर हो.”

“मैं तो दसवीं फेल हूँ दीदी.”

“कंप्यूटर पहली भी पास नहीं है. बस एक काम करो. एक-एक टाइल पे जाओ. टाइल पे जो डब्बा है उसको देखो. उपवास वाला हो तो उठा लो, लाल वाला हो तो ढक्कन लगाओ. फिर अगली टाइल.”

यालाच लूप म्हणतात. लिस्टमधल्या प्रत्येकाकडे जा आणि अमुक कर, एवढंच कॉम्प्युटरला सांगायचं. आणि गंमत ही आहे की कॉम्प्युटर डबे धरून चालत नाही, टाइल्स धरून चालतो. आधी पहिली जागा, मग दुसरी, मग तिसरी.

रज्जो निघाली. पहिली टाइल, साधा डबा. दुसरी टाइल, मुळे काका. उपास. तिने डबा उचलला.

“रुको,” मी म्हटलं, आणि उरलेली सगळी रांग एकेक टाइल अलीकडे, रिकाम्या जागेकडे सरकवली. लिस्टमधून कुणी काढला की कॉम्प्युटर असंच करतो. मध्ये खड्डा ठेवत नाही, मागचे सगळे अलीकडे ओढून घेतो. “अब अगली टाइल.”

रज्जोने तिसऱ्या टाइलवर बोट ठेवलं. तिथे श्रेया नव्हतीच. श्रेया सरकून दुसऱ्या टाइलवर आली होती, मुळे काकांच्या रिकाम्या जागी. आणि दुसरी टाइल तर बघून झाली होती.

रज्जो थांबली. मागे वळून पाहिलं. “अरे. श्रेया मैडम तो रह गईं.”

कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे,” काकू हळूच म्हणाल्या, “उपास कोणाचा, आणि उपाशी कोण राहून राहिलं.”

दुबे सर ओट्याकडे बघत होते. त्यांनी स्वतः एक डबा उचलला, रांग सरकवली, बोट पुढच्या टाइलवर नेलं. परत एकदा केलं. मग म्हणाले, “लूप के अंदर से ही रिमूव कर दिया है ना? चलती लिस्ट में से?”

“जी सर.”

“किसने लिखा… हाँ. ठीक है. मैंने ही लिखा है.”

इथे सरांचं मला आवडलं. सारवासारव केली नाही. पण लगेच शॉर्टकट मात्र काढला. “सिंपल है. श्रेया को लिस्ट में सबसे ऊपर डाल दो. उसके आगे कोई होगा ही नहीं, तो कोई हटेगा भी नहीं. दो मिनट का काम.”

“आणि गाडी काय उलटी फिरवू?” काकू म्हणाल्या. “ती मधल्या रस्त्यावर राहते, भाऊ.”

“सर, श्रेया बच जाएगी,” मी म्हटलं. “पर उसके बाद जिसका नंबर है, वो? मीठ बंद असलेले, बीपीवाले, डायलिसिसवाले एक आजोबा आहेत. त्यांच्या आधीचा कुणी सुट्टीवर गेला की? सुट्टी का कोड भी यही है सर. फक्त उपास नाही. रोज कुणीतरी सुटत असणार.”

घाईत मी मराठी-हिंदीची भेळ केली होती, पण सरांना कळलं. काकूंना त्यांच्याही आधी कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“वो गुप्ताजी! सारखे म्हणत, आंटी आज नमक डाल दिया आपने. मी म्हणे, म्हातारपणी जीभ बिघडली. आणि ते मागच्या गल्लीतले नवरा-बायको! दोघांचाही उपास, आणि खिचडी आली एकाचीच. बाईले साधा डबा. ती भांडली माझ्याशी, आणि मी तिले सांगितलं की तुम्हीच दाबलं नसेल.”

एकाला काढलं की त्याच्या मागचा सुटणार. तो मागचाही काढायचा असेल तर तो लिस्टमध्ये तसाच राहणार. नवरा निघाला, बायको राहिली. बरोबर बसलं सगळं.

सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. “बोलो, कैसे करना है?”

उपाय तसे बरेच आहेत. एक म्हणजे रांगेच्या शेवटापासून सुरुवात करून उलटं पुढे यायचं. मग डबा उचलल्यावर जे सरकतात ते आधीच बघून झालेले असतात, कुणी सुटत नाही. चालतं ते. पण मला ते नको होतं, कारण उद्या दुसरा कुणी येईल, त्याला वाटेल हे उलटं का लिहिलंय, आणि तो सरळ करून ठेवेल. मला साधं हवं होतं. जुन्या लिस्टला हातच लावायचा नाही. शेजारी एक नवी रिकामी लिस्ट घ्यायची. प्रत्येकाकडे जायचं, आज जेवणार असेल तर नव्या लिस्टमध्ये लिहायचं, नसेल तर सोडून द्यायचं. जुनी रांग जागची हलत नाही, म्हणून कुणी सुटत नाही. लाल-पांढरं सगळं झाल्यावर नव्या लिस्टवर करायचं.

म्हणजे काढण्याऐवजी घ्यायचं. एवढाच बदल.

काही प्रोग्रामिंगच्या भाषा अशा आहेत की चालत्या लूपमध्ये लिस्टला हात लावला की त्या आरडाओरडा करतात, प्रोग्राम बंद पाडतात. आमची भाषा गुणी. ती काहीच बोलत नाही, गुपचूप एकाला सोडून पुढे जाते. सर म्हणाले, “चिल्लाने वाली अच्छी होती है.” काकू म्हणाल्या, “मी कधीची हेच सांगते माझ्या मिस्टरांले.”

बदल लिहायला वेळ लागला नाही. तपासायला लागला. पहिल्याचा उपास, शेवटच्याचा उपास, शेजारच्या दोघांचा, लागोपाठ चौघांचा. मग मी सगळ्यांनाच उपास लावून पाहिलं आणि काकूंना स्क्रीनवर रोजची लिस्ट पूर्ण रिकामी दिसली.

“बाप्पा! सगळ्या गावाले उपाशी ठेवलं हिनं!”

“टेस्ट आहे काकू, टेस्ट!”

“अशी टेस्ट असते का?”

सगळं पास झालं. मी टॅब्लेट काकूंपुढे धरला. मुळे काका उपासात, श्रेया लाल. “आता करा तिचा डबा सुरू.”

काकूंनी मान हलवली. “नाही.”

“का?”

“हे तुझ्या कॉपीमधे झालं. मले माझ्या ओट्यावर दाखव. खरा उपास, खरी खिचडी, दाणे भाजून राहिले आहेत असा दिवस. मग सुरू करते.”

“काकू, पुढची संकष्टी महिन्याने आहे. तोपर्यंत श्रेयाने केळी खायची?”

काकूंनी क्षणभर विचार केला आणि फोन उचलला. स्पीकरवर टाकला.

“मुळे काका, उद्या उपास करता का?”

“उद्या? अहो वहिनी, चतुर्थी तर कालच झाली!”

“माहीत आहे. तुमच्या वर राहते त्या श्रेयासाठी करायचा आहे.”

“काय झालं पोरीला?” आवाज एकदम घाबरला. काकूंनी सगळं सांगितलं, टाइल्ससकट. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे माझ्या उपासानं तिचा डबा चुकत होता?”

“तुमचा दोष नाही हो.”

“नाही, पण गणपतीला काय सांगू? हा उपास कशाचा?”

“सांगा, कॉम्प्युटरचा.”

“ठीक आहे. पण खिचडीत लिंबू जरा बरं पिळा, काल कमी होतं.”

दुसऱ्या दिवशी करोंदच्या गोदामाचा डेमो सरांनी एकट्याने दिला. मला म्हणाले, तू अवधपुरी जा. मी पोचले तेव्हा किचनमध्ये दाण्यांचा खमंग वास भरला होता आणि पहिल्यांदाच मला त्या वासाची भीती वाटली. काकू मुद्दाम त्या दुसऱ्या शेगडीवर उभ्या होत्या, टॅब्लेटकडे पाठ करून. बरोबर चतुर्थीसारखंच. मला म्हणाल्या, “तू काही बोलायचं नाही. रज्जोले इशारेही करायचे नाहीत.”

मी खुर्चीवर बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले. माझ्यासारखीला गप्प बसवणं म्हणजे काय, हे माझ्या आईला विचारा.

रज्जोने टॅब्लेट उघडला. वरचे आकडे बघितले. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली. मग कोपऱ्यातली श्रेयाची वेगळी कढई काढली, धुतली, शेगडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आंटी, मूंगफली बिना वाला एक है.”

काकू वळल्या नाहीत. फक्त त्यांचा खिचडीतला झारा थांबला, आणि जरा वेळाने परत चालू झाला.

श्रेयाचा डबा काकूंनी स्वतः बंद केला. लाल झाकण, वरून कापडाची गाठ. दुपारी तिचा फोन आला. “आंटी, लाल ढक्कन! और भिंडी मस्त थी!” काकू तिच्यावर ओरडल्या की जेवताना फोन कशाला बघतेस, आणि मग पदराला नाक पुसत आत गेल्या.

टॅब्लेट तिथेच राहिला. श्रेयाचं ट्रेनिंग चालू आहे. संकष्ट्या येऊन गेल्या, डबा चुकला नाही. मुळे काका प्रत्येक चतुर्थीला जिन्यातून वर ओरडून विचारतात, “लाल आलं का गं?” एवढं तपासणारा तर आमच्याकडे पगारीसुद्धा नाही.

ऑफिसात नवीन पोरगं आलं की दुबे सर त्याला हीच गोष्ट सांगतात, चहाचे कप रांगेत मांडून. आणि कुणी म्हणालं की सर, हा कोड कधीचा चालतोय, एक कंप्लेंट नाही, तर सर माझ्याकडे बघतात. कारण आम्हा दोघांनाही आता माहीत आहे. कंप्लेंट येतच होती. फक्त ती मिठाची होती, खिचडीची होती, आणि काकूंपाशीच थांबत होती, आमच्यापर्यंत पोचत नव्हती.